पुस्तकं बाहेर, चपला आत

आमच्या सरांचं बोलणं सध्या गेलेलं आहे. ‘सध्या’ हा शब्द मी मुद्दाम वापरते. संक्रांतीला भरणारी गड्ड्याची जत्रा उठली त्याच आठवड्यात सरांना झटका आला आणि उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एकदम गेली. त्यातले हात आणि पाय मी परत आणते आहे. तो माझा धंदाच आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि रोज संध्याकाळी दवाखान्यातून सुटले की सरांकडं जाते. वाचा मात्र अजून रुसून बसली आहे. भेटायला आलेली माणसं जाताना मला दारात गाठतात आणि आवाज खाली आणून विचारतात, "सर परत बोलतील का गं?" मी आवाज अजिबात खाली न आणता सांगते, "बोलणार. न बोलून सांगतात कुणाला?"

एवढी खात्री मला कुठून आली ते सांगायचं तर सरांबद्दलच सांगावं लागेल.

सरांनी आयुष्यभर शाळेत पी. टी. शिकवली. पांढरे कॅनव्हासचे बूट, अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि गळ्यात शिट्टी हा त्यांचा वेष निवृत्तीनंतरही सुटला नाही. लग्नात अक्षता टाकतानासुद्धा शिट्टी गळ्यातच. काकू, म्हणजे सरांच्या बायको, म्हणायच्या, "मंगळसूत्र माझ्या गळ्यात आणि शिट्टी ह्यांच्या. दोन्ही काढायचं न्हाय असं ठरलंय आमचं." मूळ गाव अक्कलकोटच्या पलीकडं, घरात कानडी. आम्हा पोरांना एवढं पक्कं ठाऊक होतं की सर मराठीत बोलत असले म्हणजे काम चालू आहे आणि कानडीत काही पुटपुटले म्हणजे खूश आहेत.

असा माणूस निवृत्त झाल्यावर पोरांना पहाटे मैदानावर पळवील असं कुणालाही वाटेल. सरांनी अभ्यासिका काढली. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीच्या मागं त्यांचं घर आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर. शेजारच्या शेडमध्ये टॉवेलचे माग. सकाळी सुरू झालेली खडखड दिवेलागणीलाच थांबायची. अभ्यासाला शांतता लागते हे सरांच्या कानावर कधी आलंच नव्हतं, आणि आलं असतं तरी त्या खडखडाटात ऐकू गेलं नसतं. कुणी कुरकुरलं की म्हणायचे, "परीक्षेला बसशील तितला पंखा वाजत नसंल कशावरनं?"

ह्या अभ्यासिकेचा एकच नियम होता आणि त्यापायी सर अर्ध्या सोलापुरात विक्षिप्त ठरले. इतर ठिकाणी दाराबाहेर चपलांची मांडणी असते. सरांकडंही होती, चांगली लोखंडी, हिरव्या रंगाची. पण तिच्यावर पुस्तकं. चपला काढायच्या, हातात घ्यायच्या आणि आत आपल्या जागेखाली ठेवायच्या. पुस्तकं, वह्या, क्लासच्या नोट्स, फोन, सगळं बाहेर मांडणीवर. लागेल तेव्हा बाहेर यायचं, गॅलरीत उभ्यानं वाचायचं, पुस्तक जागेवर ठेवायचं आणि रिकाम्या हातांनी आत जाऊन कोऱ्या कागदावर उतरवायचं. अडलं की परत बाहेर. आत पुस्तक उघडलेलं दिसलं तर शिट्टी वाजायची, आणि ती शिट्टी मागांच्या आवाजावरही मात करायची.

हे ऐकून बहुतेक मुलं पहिल्याच दिवशी दुसरी अभ्यासिका बघायची. मीही बघितली असती, पण आमच्या घरापासून चालत जाण्यासारखी ही एकच होती.

माझे पप्पा एमआयडीसीतल्याच एका कारखान्यात माग चालवायचे. घरात आम्ही तेलुगू बोलतो, आणि आमच्या घरातलं माझ्याआधी कुणी बारावीच्या पुढं गेलेलं नव्हतं. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत मी पहिल्या खेपेला सपशेल आपटले. पप्पा रागावले नाहीत. त्यांनी फक्त सांगितलं, "अजून एक वर्ष बघ. न्हाय जमलं तर अत्यासंगं पॅकिंगला जा." माझी आत्या टॉवेलच्या घड्या घालून पिशव्यांत भरायचं काम करायची. आत्यावर माझा जीव, पण त्या घड्यांची मला रात्रंदिवस धास्ती.

आपटायचं कारण मला कळतच नव्हतं. अभ्यास कमी पडला म्हणावं तर मी पुस्तकांची पानं अक्षरशः झिजवली होती. पिवळा, गुलाबी, हिरवा असे तीन मार्कर माझ्याकडं होते. महत्त्वाचं पिवळ्यानं, फार महत्त्वाचं गुलाबीनं, आणि शेवटी काही रंगवायचं राहिलं तर हिरव्यानं. सरांनी माझं जीवशास्त्राचं पुस्तक हातात घेतलं, चाळलं आणि काकूंना हाक मारली. "बघ की गं. पुस्तकाचं हळदीकुंकू झालंय."

मग मला म्हणाले, "काय वाचायलीस?"

"रक्ताभिसरण, सर."

"झालं का वाचून?"

"कितीतरी वेळा झालंय."

"मग ते बाहेर ठेव आणि मला सांग."

अभ्यासिकेच्या कोपऱ्यात शाळेतनं आणलेला एक बुटका बाक होता. त्याच्यावर सर गुडघे वर करून बसायचे आणि सांगणाऱ्यानं समोर उभं राहायचं. मी उभी राहिले. "रक्त हृदयाच्या उजव्या कप्प्यात येतं, तिथून..." आणि तिथून पुढं मला पान दिसायला लागलं. आकृती डाव्या बाजूला आहे हे दिसत होतं. खाली दोन ओळींना गुलाबी रेघ आहे हेही दिसत होतं. त्या ओळींत लिहिलंय काय, ते काही केल्या दिसेना.

"मग?" सरांनी विचारलं.

"मग ते फुफ्फुसात... म्हणजे आधी त्या झडपेतून..."

"म्हणजे?"

मला वाटलं आता सर उत्तर सांगतील, किमान सुरुवात तरी करून देतील. शाळेतल्या बाई सुरुवात करून द्यायच्या, क्लासचे सर तर शेवटही करून द्यायचे. हे नुसते माझ्या पायांकडं बघत बसले. शेवटी म्हणाले, "झडपेपाशी आलीस आणि डाव्या पायावर गेलीस बघ. तितनं पुढं तुला येत न्हाय. ते सगळं पुस्तकात हाय, पोरी. तुझ्यात काय हाय?"

मला रडू आलं. सरांनी ते बघितलं आणि काकूंना पाणी आणायला सांगितलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "जा, बाहेर जाऊन तेवढीच झडप बघून ये." मी बाहेर गेले, बघून आले, परत सांगितलं. ती झडप मी आज झोपेतसुद्धा सांगेन.

सरांना जीवशास्त्र येत होतं असं कुणी समजू नये. रसायनशास्त्राचं तर नावही त्यांना नको असायचं. पण उभ्या आयुष्यात त्यांनी हजारो पोरं रांगेत उभी केली होती, आणि माणूस कुठं डगमगतो हे त्यांना पायावरून कळायचं. "तोंड फसवतं, पाय फसवत न्हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. प्रश्नही त्यांचे दोनच, ‘मग?’ आणि ‘म्हणजे?’. एवढ्या दोन शब्दांवर त्यांनी आमच्याकडून अख्खं भौतिकशास्त्र वदवून घेतलं. आणि आपल्याला काही कळत नाही हे लपवायची त्यांना कधी गरजच वाटली नाही. "मी ढ हाय. मला कळंल असं सांग," म्हणायचे आणि बाकावर आणखी ऐसपैस व्हायचे.

पुस्तकांना चपलांच्या जागी ठेवतात ही बातमी पालकांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. एक गृहस्थ तणतणत जिना चढून आले. "मास्तर, सरस्वतीला तुमी चपलांच्या मांडणीवर बसवता? आणि चपला आत? काय अक्कल म्हणायची ही?" सर शांतपणे म्हणाले, "मांडणी नवी आणलीय, धुतलीय, पूजा केलीय. तिच्यावर चप्पल कधी चढलीच न्हाय. मग ती चपलांची कशी?" गृहस्थ म्हणाले, "पण दिसतंय तसंच की!" सरांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "व्हय. दिसतंय तसंच." तेवढ्यावर त्यांनी विषय संपवला. गृहस्थ मुलाला घेऊन गेले. महिन्याभरानं मुलगा एकटाच परत आला आणि चपला हातात घेऊन आत शिरला.

माझ्या पप्पांचं मला भय होतं. ते देवभोळे. एकदा कारखान्यातून येताना मला न्यायला आले आणि मांडणीसमोर बराच वेळ उभे राहिले. मी आतून बघत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक मोठा पांढरा टॉवेल आणून दिला, पुस्तकांवर धूळ बसू नये म्हणून. पुढं तोच टॉवेल मांडणीचा कायमचा पडदा झाला.

सरांच्या बाकीच्या तऱ्हा ह्या नियमाच्याच लेकीबाळी. एक विषय घेऊन बसलेल्याला ते फार वेळ बसू द्यायचे नाहीत. मध्येच शिट्टी, की विषय बदला. "नुसत्या दंडाच्या बैठका मारल्या तर काय हुतंय?" आम्ही दुरुस्त करायचो, "सर, दंड वेगळे, बैठका वेगळ्या." त्यावर म्हणायचे, "तेच तर सांगायलोय. दोन्ही मारा." एकदा पक्का झालेला धडा ते काही दिवसांनी पुन्हा विचारायचे, नेमका आम्ही विसरायच्या बेतात असताना. ह्याला ते ‘पाहुणा बोलावणं’ म्हणत. "पाहुणा रोज आला तर किंमत न्हाय, वर्षानं आला तर वळख न्हाय. घर विसरायच्या आत बोलवायचा." त्यामुळं अभ्यासिकेत कुणी कुणाला भेटलं की पहिला प्रश्न असायचा, आज तुझ्याकडं कोण पाहुणा आहे? माझ्याकडं एकदा किडनी होती, तर शेजारच्या मुलीकडं प्रकाशाचं परावर्तन.

रविवारी दुपारी सराव परीक्षा. आमची खरी परीक्षा दुपारची होती, म्हणून सरावही दुपारीच, आणि तोही सोलापूरच्या उन्हाळ्यात, डोक्यावर तापलेला पत्रा घेऊन. "रोज दुपारी झोपणारं डोकं तितं जाऊन जागं राहील व्हय?" पेपर चालू असताना सर मुद्दाम बादली पाडायचे, कुणाच्या तरी बाकापाशी येऊन सही मागायचे, एकदा तर काकूंना मिक्सर लावायला सांगितलं होतं. पेपर झाला की आपापली उत्तरं तपासायची, आणि ज्याचं जास्त चुकलं असेल त्याला पहिल्यांदा शेंगाचटणी आणि कडक भाकरी. मात्र कुठं चुकलं आणि का चुकलं हे भाकरी मोडायच्या आधी सांगायचं. "चुकलं? झकास! आता ते जात न्हाय बघ तुझ्यातनं," असं म्हणून ते हस्तांदोलन करायचे. हुशार पोरं बिचारी उपाशी राहायची, असं आम्ही चेष्टेनं म्हणायचो. काकू कुणालाच उपाशी ठेवायच्या नाहीत.

आणि सातच्या ठोक्याला शिट्टी, की सगळ्यांनी घरी. जेवा, झोपा. जागरण करून आलेल्याला ते आत घ्यायचेच नाहीत. काकूंच्या खोलीत आडवं व्हायला लावायचे.

बकरीचं प्रकरण ह्याच मांडणीमुळं घडलं. शेजारी एकांच्या बकऱ्या होत्या आणि त्यातली एक जिना चढण्यात पटाईत. एका दुपारी आम्ही सगळे आत कोऱ्या कागदांवर झुंजत असताना ती वर आली, टॉवेल बाजूला केला आणि सोहेलच्या रसायनशास्त्राच्या नोट्स निवांत खाऊ लागली. सोहेल ट्रकचालकाचा मुलगा, आमच्यात सगळ्यात कष्टाळू, आणि त्या नोट्स त्यानं वर्षभर खपून काढलेल्या. परीक्षा तोंडावर आलेली. तो बाहेर गेला आणि त्याची किंकाळीच ऐकू आली, "सर! बकरी मेरी पूरी केमिस्ट्री खा गई!"

आम्ही धावलो. बकरीच्या तोंडात शेवटचं पान होतं आणि चेहऱ्यावर पश्चात्तापाचा मागमूस नव्हता. सोहेल मटकन खाली बसला. त्याचा चेहरा बघून हसायची कुणाची छाती झाली नाही. सर आले, त्यांनी बकरीकडं बघितलं, मग सोहेलकडं.

"तिला विचार की आता. किती येतंय तिला?"

"सर, मजाक मत करो ना..."

"मजाक न्हाय बे. नोट्स कुणी लिवल्या?"

"मैंनेच."

"मग कुटं गेल्यात त्या? कागद गेलाय. आत ये."

सरांनी त्याला कोऱ्या कागदांचा गठ्ठा दिला आणि पहिल्या धड्यापासून सुरुवात करायला सांगितली, पुस्तक न बघता. पहिला तास सोहेल नुसता डोकं धरून बसला. मग एक ओळ आली, तिच्यामागून दुसरी. संध्याकाळी जायच्या वेळेपर्यंत त्याच्यासमोर बराच ढीग जमला होता. पुढचे काही दिवस तो तेच करत राहिला, आणि जे आठवलं नाही तेवढ्यापुरताच मांडणीपाशी जाऊन दुसऱ्याचं पुस्तक बघून आला. शेवटी तो स्वतःच चकित होऊन म्हणाला, "सर, बकरी के पेट में तो कुछ नहीं गया!" सर कानडीत काहीतरी पुटपुटले, म्हणजे खूश झाले. सोहेल आज फार्मसीत आहे. बकरी मात्र रसायनशास्त्रात कच्चीच राहिली.

सरांकडं येणारे सगळे पास व्हायचे असं नाही. काहींचं नाही झालं. पण आपल्याला काय येतं आणि काय येत नाही हे तिथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायचं, आणि तेवढं ठाऊक असलेला माणूस कुठंही घाबरत नाही असं माझं ठाम मत आहे. परीक्षेच्या दिवशी मी एका प्रश्नापाशी अडले. बाकाखाली माझा डावा पाय हलायला लागला होता. मी दोन्ही पाय फरशीवर टेकवले, मनात म्हटलं, ‘मग?’, आणि उत्तर आलं. एमबीबीएसला नंबर लागला नाही, फिजिओथेरपीला लागला. अम्माला, म्हणजे माझ्या आईला, डॉक्टर हवी होती, ती जरा खट्टू झाली. सर तिला म्हणाले, "वैनी, डॉक्टर माणसाला वाचवतोय. पण उठवून चालवायचं कुणी? ही चालवंल." आत्यानं त्या दिवशी सगळ्या अभ्यासिकेला पेढे वाटले.

तर असे हे सर, आणि त्यांना आता मी चालवते. पी. टी.च्या सरांची पी. टी. घेणं हे काम सोपं नाही. हॉस्पिटलात पहिल्यांदा मी त्यांचा लुळा हात वर उचलला तेव्हा त्यांच्या तोंडून एकदम आलं, "एक, दो, तीन, चार." काकू ओरडल्याच, "बोलले! बोलले!" शेजारच्या खाटेवरचे पेशंटसुद्धा उठून बसले. पण पुढं पाण्याचा पेला दाखवून हे काय म्हणून विचारलं, तर सर पेल्याकडं बघत राहिले आणि ओठ नुसते थरथरले. वाचेच्या डॉक्टर आल्या, त्यांनी समजावलं की जन्मभर घोकलेली मोजणी आपसूक बाहेर पडते. हवा तो शब्द शोधून काढणं वेगळं. शब्द आत आहेत, वाट मोडली आहे. रोज सराव केला तर वाट होईल. "आणि एक करा," त्या म्हणाल्या, "शब्द लगेच पुरवू नका. थांबत जा."

हे ऐकायला सगळे होते. पाळायला कुणी नव्हतं. सरांवर माया करणारी माणसं काय थोडी आहेत? सरांनी बोट उचललं की काकू सुरू, "पाणी? चहा? चष्मा? खिडकी लावू?" त्यातल्या एकावर सर मान हलवायचे आणि काम भागायचं. पुण्याहून त्यांच्या मुलानं कार्डं करून आणली. वर चित्र, खाली ठळक अक्षरांत नाव. चित्र दाखवायचं, वाट बघायची आणि अगदीच अडलं तर नाव दाखवायचं असं डॉक्टरबाईंनी सांगितलेलं. आम्ही सगळे आधी नावच दाखवायचो. सर ते वाचून म्हणायचे, "पा...णी," आणि घरभर आनंद. कार्ड खाली ठेवलं की पुन्हा सगळं कोरं. उन्हाळा गेला, पावसाळा अर्धा गेला, सर आमच्या हातातली कार्डं वाचत राहिले, आणि स्वतःहून बोट उचलायचंही कमी झालं. काकू एका संध्याकाळी स्वयंपाकघरात मला म्हणाल्या, "आता असंच ऱ्हाणार बघ हे. सोड आता. होगली बिडु." त्यांच्या तोंडून ‘जाऊ दे’ मी पहिल्यांदाच ऐकत होते.

त्याच संध्याकाळी सर ‘चष्मा’ हे कार्ड वाचत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर ती गुलाबी रेघ आली. अहो, हे तर माझंच रक्ताभिसरण चाललं होतं! शब्द कार्डावर होता. सरांना काय येतं, हे त्यांना कुणी विचारतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी काकूंना म्हटलं, "आजपासून कुणी शब्द द्यायचा नाही. तुम्हीही नाही."

काकू भडकल्या. "आजारी माणसाला पाण्यासाठी ताटकळत ठेवू व्हय? लई शिकलीस गं!"

"पाणी शेजारी ठेवा, हवं तेव्हा घेतील. शब्द मात्र द्यायचा नाही. आम्हाला दिला होता का त्यांनी कधी?"

काकू स्टूल ओढून दारापाशी बसल्या आणि त्यांनी पदर तोंडात धरला.

सर खिडकीपाशी खुर्चीत होते. मी त्यांच्यासमोर त्यांचाच तो बुटका बाक ठेवला आणि त्यांच्यासारखी गुडघे वर करून बसले. मांडीवर कार्डांचा गठ्ठा, सवयीनं. वर अभ्यासिका चालू होती. ती आता पोरंच चालवतात आणि शिट्टी पाळीपाळीनं वाजवतात. शेजारी माग खडखडत होते. सरांनी माझ्याकडं बघितलं, मग गठ्ठ्याकडं, आणि डावा हात उचलून दाराकडं बोट केलं.

काकू लगेच अर्ध्या उठल्या. "बाथरूमला..." मी हात केला. त्या खाली बसल्या.

"मग?" मी विचारलं.

सरांचे ओठ हलले. काही आलं नाही. त्यांनी पुन्हा बोट केलं, ह्या वेळी जोरात, आधी गठ्ठ्याकडं, मग दाराकडं. कपाळावरची शीर ताठ झाली. डोळ्यांत पाणी आलं. मला शब्द कळला होता आणि तो माझ्या जिभेवर नाचत होता. आयुष्यात गप्प बसणं एवढं जड मला कधी गेलं नव्हतं. सर इतकी वर्षं हे कसं करत होते, कुणास ठाऊक. मी त्यांच्या तोंडाकडं बघायचं सोडलं आणि पायांकडं बघायला लागले. डावा पाय सारखा मागं-पुढं होत होता. उजवा पाय, जो गेले सहा-सात महिने मी रोज हलवते आहे, तो तिरका पडला होता.

"म्हणजे?" मी म्हटलं.

बराच वेळ गेला. मग डावा पाय थांबला. उजवा पाय सरांनी स्वतः हळूहळू ओढून सरळ केला. दोन्ही तळवे फरशीवर टेकले.

"बा..." सर म्हणाले. "बाहे...र."

काकूंनी पदर सोडला. सरांनी गठ्ठ्याकडं बोट केलं आणि शिट्टी वाजवताना करायचे तशी मान झटकली.

"बाहेर ठेव," सर म्हणाले.

मी उठले, कार्डं वर जाऊन टॉवेलाखाली मांडणीवर ठेवली, आणि खाली येऊन दाराबाहेरच्या माझ्या चपला उचलून आत आणल्या.